सत्तरीच्या आईला कुठलं शहर दाखवू?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी वाचक नवरा आणि मुलीबरोबर म्युनिकला राहते. आई कराडची, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. येत्या मे महिन्यात आईला सत्तर वर्षं पूर्ण होतील, तेव्हा ती लेकीकडे असेल. पुण्याहून भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलंही येणार आहेत. वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून चार दिवस युरोपातल्या एखाद्या शहरात जायचं एवढं ठरलंय, पण शहर ठरत नाही. भाऊ पॅरिसवर अडून बसलाय, "आईने आयफेल टॉवर बघितलाच पाहिजे" म्हणतो. वाचकाच्या मनात प्राग किंवा रोम आहे. आईचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, ती शाकाहारी आहे. तिला विचारलं तर म्हणते, "तुम्ही न्याल तिथे मी येईन." शहराचं नाव शेवटपर्यंत लपवून आईला सरप्राईज द्यावं, असंही वाचकाला वाटतं. "ती पुन्हा इतक्या लांब येईल की नाही, कोण जाणे. निवड चुकली तर एकमेव संधी गेली, हेच डोक्यात फिरतं. काय करू?"

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचताना मी आईच्या त्या वाक्यापाशी अडले. "तुम्ही न्याल तिथे मी येईन." आपल्याकडच्या कितीतरी आया असंच बोलतात. हॉटेलात काय मागवू विचारलं तर "तुम्ही घ्याल त्यातलं घासभर", साडी कुठली घेऊ विचारलं तर "कुठलीही चालेल". तुम्ही दोघा भावंडांनी त्याचा अर्थ "आईची स्वतःची अशी काही आवड नाही" असा घेतलात आणि तिची आवड ठरवायचं काम आपल्याकडे ओढून घेतलंत. मला ते पटत नाही. जिने वर्षानुवर्षं भिंतीवर नकाशा टांगून पोरांना जग दाखवलं, तिला त्या जगातलं काय बघावंसं वाटतं याबद्दल काहीच म्हणायचं नसेल? असणारच. पण तिला तुमच्या खर्चाची काळजी असेल, भावंडांत वाद नको असेल, आणि आपल्या गुडघ्यांपायी सगळ्यांचा खोळंबा होईल ही धास्ती असेल. यातलं एकही कारण ती आपण होऊन सांगणार नाही.

म्हणून "कुठे जायचं?" हे तिला पुन्हा विचारू नका, उत्तर तेच येईल. तिच्या विषयापासून सुरुवात करा. येत्या रविवारी व्हिडिओ कॉल कराल तेव्हा तिला शाळेचा जुना ॲटलास काढायला सांगा. युरोपचं पान उघडा आणि विचारा, यातलं काय शिकवायला तुला सगळ्यात जास्त आवडायचं? आल्प्स? ऱ्हाइन? नॉर्वेचे फियॉर्ड? कुठली नदी तू फळ्यावर न बघता काढायचीस? हे विचारायला तुमच्या मुलीला पुढे करा, नातवंडांपुढे आजीचा संकोच राहत नाही. आणि एक उलटा प्रश्नही असू द्या: "तुला कशाचा कंटाळा येईल?" आवड सांगण्यापेक्षा नावड सांगणं पुष्कळ आयांना सोपं जातं. तासभर रांगेत उभं राहणं, एकामागून एक चर्च बघणं, रोज ब्रेड खाणं, पहाटे उठून गाडी गाठणं, यातलं ती जे सांगेल ते लिहून ठेवा. शहर निवडताना हा कागद इंटरनेटवरच्या कुठल्याही 'टॉप टेन'पेक्षा जास्त कामाला येईल.

सरप्राईजचा विचार मात्र सोडा, असं मी आग्रहाने सांगेन. तिशीतल्या माणसाला अचानक विमानतळावर नेऊन उभं केलं तर मजा येते. सत्तरीतल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला कुठले बूट घ्यायचे, स्वेटर लागेल का, बाथरूम कसं असेल, हे आधी माहीत असलं की हायसं वाटतं. शिवाय प्रवासाचा निम्मा आनंद निघायच्या आधीच मिळतो. शहराचं नाव जानेवारीत कळलं, तर ती चार महिने त्याबद्दल वाचेल, शेजारणींना सांगेल, वाचनालयातून पुस्तक आणेल. हे चार महिने तिच्याकडून काढून घेऊ नका. लपवायचंच असेल तर दुसरं काही लपवा. तिच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून प्रत्येकाकडून मिनिटभराचा आवाज रेकॉर्ड करून घ्या. कोणी आता शेती करत असेल, कोणी एसटीत असेल, कोणी स्वतःच शिक्षक झालेला असेल. वाढदिवसाच्या सकाळी ते ऐकवा.

आता पायांकडे येऊ. "गुडघे दुखतात" एवढ्या माहितीवर शहर ठरवता येत नाही. सपाटीवर ती किती वेळ चालू शकते? किती वेळाने बसावं लागतं? जिना चढताना दुखतं की उतरताना? कराडला प्रीतिसंगमावर ती अजून जाते का, आणि गेली तर घाटाच्या पायऱ्या उतरते की वर बागेतच बसते? भावाला सांगा, एका शनिवारी पुण्याहून कराडला जा, आईबरोबर तिच्या चालीने फीर आणि घड्याळाकडे लक्ष ठेव. ती न थांबता वीस मिनिटं चालत असेल, तर परक्या गावात, गर्दीत, वर बघत चालताना पंधराच धरा. हा आकडा हातात आला की नकाशावरची अर्धी शहरं आपोआप मागे पडतात.

रोमचंच बघा. तिथल्या जुन्या भागात रस्त्यावर सांपिएत्रिनी नावाचे काळे दगड बसवलेले आहेत. तळहाताएवढे चौकोनी तुकडे, कडा झिजून गोल झालेल्या, दोन दगडांमध्ये बोटभर फट. माझ्या सासूबाईंबरोबर तिथे फिरताना मी बघितलं, त्यांचा एक हात माझ्या कोपरावर आणि नजर सतत पायाखाली. पँथिऑनसमोर थांबल्यावर त्यांनी मान वर केली, डोळे भरून बघितलं, आणि पुन्हा चालायला लागल्यावर नजर खाली. व्हॅटिकनची संग्रहालयं बघायची म्हणजे लांबच लांब दालनांतून चालायचं, तेही गर्दीच्या रेट्यात. रोम अप्रतिम आहे, पण चार दिवसांसाठी आणि दुखऱ्या गुडघ्यांसाठी मी ते सुचवणार नाही. प्रागचंही थोडंफार तसंच. किल्ला टेकडीवर आहे. २२ नंबरची ट्रॅम वरपर्यंत नेते खरी, पण जुन्या गावात दगडी रस्ते आहेतच आणि चार्ल्स पुलावर मे महिन्यात खांद्याला खांदा लागतो. व्हेनिसमध्ये पुलागणिक पायऱ्या. ॲमस्टरडॅमच्या जुन्या घरांतले जिने शिडीसारखे उभे, आणि ट्यूलिपची प्रसिद्ध बाग मेच्या मध्याला बंद होते, म्हणजे तुम्ही त्यानंतर गेलात तर हुकलेलीच.

भावाच्या पॅरिसबद्दल जरा सबुरीने बोला. "आईने आयफेल टॉवर बघितलाच पाहिजे" यातला "च" कोणाचा आहे, हे त्याला मायेने विचारा. लहानपणी कॅलेंडरवर तो टॉवर बघून त्याने आईला काही कबूल केलं असेल, तर ते तुम्हाला कळायला हवं. आणि ॲटलास उघडून आईनेच पॅरिसवर बोट ठेवलं, तर खुशाल जा. फक्त तिथली मेट्रो १९०० साली सुरू झालेली आहे आणि तिच्या बहुतेक स्थानकांत लिफ्ट नाही, जिनेच जिने. सगळ्या स्थानकांत लिफ्ट असलेली मार्गिका म्हणजे १४ नंबरची. आईबरोबर असताना बसने फिरा, बसमध्ये रॅम्प असतो आणि खिडकीतून शहरही दिसतं. टॉवरवर चढायच्या रांगेत वेळ घालवण्यापेक्षा सीन नदीतल्या बोटीतून ३३० मीटरचा तो टॉवर नीट, बसून बघता येतो. ओरांजरी संग्रहालयात मोनेने रंगवलेली कमळांची भलीमोठी चित्रं दोन लंबगोल दालनांत गोलाकार लावलेली आहेत आणि मधोमध बसायला बाक आहेत. आईसाठी पॅरिसमधली माझी पहिली जागा तीच.

पण तुम्ही मलाच विचारलंत, तर तुमच्या आईसाठी मी व्हिएन्ना निवडेन. त्यामागे कारणं आहेत.

म्युनिकहून थेट गाडी आहे, साधारण चार तासांत पोचते. विमानतळ नको, सुरक्षा तपासणी नको, बूट काढायला नकोत. वाटेत साल्झबुर्गच्या आसपास आल्प्स खिडकीतून दिसतात. गावात भुयारी रेल्वेच्या सगळ्या स्थानकांत लिफ्ट आहे, आणि नव्या ट्रॅमचा तळ फुटपाथच्या जवळजवळ बरोबरीला असतो, पाय फारसा उचलावा लागत नाही. जुन्या गावाची तटबंदी १८५७ साली सम्राट फ्रान्झ योसेफच्या आदेशाने पाडायला घेतली आणि तिच्या जागी रिंगस्ट्रासे हा रुंद रस्ता केला. ऑपेरा, पार्लमेंट, विद्यापीठ, नगरभवन, सगळं या एका रस्त्यावर. १ आणि २ नंबरच्या ट्रॅम मिळून त्याचा बहुतेक भाग फिरवतात. पहिल्या दिवशी काही न करता नुसतं ट्रॅममध्ये बसवून तिला शहर दाखवा.

आणि खास भूगोलाच्या बाईंसाठी असं एक ठिकाण तिथे आहे, ज्याचं नाव बहुतेक टूरवाल्यांच्या यादीत नसतं. हेरेनगासे या रस्त्यावर, मोलार्ड नावाच्या जुन्या वाड्यात, ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं पृथ्वीगोलांचं संग्रहालय आहे. फक्त गोल: पृथ्वीचे, आकाशाचे, चंद्राचे, लहान, मोठे. ज्याच्या प्रक्षेपणाचा नकाशा आपण सगळे शाळेत शिकलो, त्या मर्केटरने १५४१ साली केलेला पृथ्वीगोल तिथे आहे. आपल्या देशाचा किनारा तेव्हाच्या युरोपीय माणसाला कसा वाटत होता, हे तिला नातवंडांना समजावून सांगता येईल. विचार करा, त्या चार दिवसांत असा एक तास, जेव्हा तुम्ही सगळे गप्प बसून ऐकताय आणि आई शिकवतेय. ती सगळ्यांच्या मागून चालणारी, सांभाळायची म्हातारी राहणार नाही. मला या सहलीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे.

तिथून दोन पावलांवर कॅफे सेंट्रल आहे. तिथे रांग असेल तर दुसऱ्या कुठल्याही जुन्या कॉफीघरात शिरा. छोट्या चकचकीत तबकात कॉफीचा कप येतो, शेजारी पाण्याचा पेला आणि पेल्यावर पालथा ठेवलेला चमचा. एका कॉफीवर दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही. दुखऱ्या गुडघ्यांना दर तासाला अशी बसायची जागा मिळणं, ही शहर निवडताना बघायची पहिली गोष्ट. संग्रहालयांतही हेच बघा. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये ब्रॉयगेलच्या चित्रांच्या दालनात बसायची सोय आहे. १५६५ सालचं बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचं चित्र समोर असतं. बाकी अख्खं संग्रहालय बघायचा हट्ट धरू नका.

डॅन्यूब नदी मात्र जुन्या गावात दिसत नाही. तिथे दिसतो तो तिचा कालवा, आणि तोच नदी समजून लोक परत जातात. आईला खरी नदी दाखवा. यू१ या मेट्रोने डोनाउइन्झेल स्थानकावर उतरा. हे २१ किलोमीटर लांबीचं बेट माणसाने केलेलं आहे. पुराचं पाणी वळवायला १९७०-८०च्या दशकांत नदीला समांतर दुसरं पात्र खोदलं आणि निघालेल्या मातीचं बेट झालं. २०१९ साली कृष्णाकाठाने जो पूर सोसला, तो तुमच्या आईने जवळून पाहिला असणार. नदीला पर्यायी वाट करून देणारं शहर बघून तिला काय वाटतं, ते ऐकण्यासारखं असेल.

ग्रीनिचही तुमच्या मनात येईल, शून्य रेखांशावर भूगोलाच्या शिक्षिकेला उभं करायचा मोह कोणालाही होईल. पण ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. त्यासाठी वेगळा व्हिसा, वेगळा खर्च, आणि ती वेधशाळा टेकडीवर. ती वेगळी सहल होऊ दे. त्यापेक्षा म्युनिकहून एका दिवसात होण्याजोगं पासाऊ बघा. तिथे डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या एकत्र येतात. आल्प्समधून येणारी इन हिरवट दुधाळ, दलदलीच्या प्रदेशातून येणारी इल्झ काळसर, आणि संगमानंतरही काही अंतर हे रंग वेगळे ओळखता येतात. बोटीतून तासाभरात फेरी होते. कृष्णा-कोयनेचा समोरासमोरचा संगम बघत मोठ्या झालेल्या बाईला तिथे काही समजावून सांगावं लागणार नाही. जर्मनीत सध्या रुळांची मोठी कामं चालू असतात, तेव्हा त्या दिवशी गाडी थेट आहे की मधे बसने जायचंय, हे आधी बघून घ्या.

तुम्ही आठ जण आहात. आठ जणांचा घोळका सतत एकत्र फिरला की सगळ्यात हळू चालणाऱ्याला अपराधी वाटतं आणि सगळ्यात लहानाला कंटाळा येतो. सकाळी एक गोष्ट सगळ्यांनी मिळून करा, दुपारी पांगा. मुलांना प्राटर बागेतल्या १८९७ सालच्या आकाशपाळण्यात बसायचं असेल तर भाऊ नेईल. आई खोलीवर दोन तास पडेल. संध्याकाळी पुन्हा एकत्र. दुपारी आईजवळ कोण थांबणार याची पाळी लावा, नाहीतर ते काम गुपचूप तुमच्यावर किंवा वहिनीवर येऊन पडतं. आणि तिला तासभर एकटीने बाकावर बसावंसं वाटलं तर बसू द्या. फोन चार्ज केलेला आणि राहण्याचा पत्ता लिहिलेला कागद पर्समध्ये असला म्हणजे झालं.

राहायला हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. पण "लिफ्ट आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. व्हिएन्नाच्या जुन्या इमारतींत कधीकधी लिफ्टपर्यंत पोचायलाच आठ-दहा पायऱ्या असतात. घरमालकाला तसं स्पष्ट विचारा, फोटो मागवा. दुसरा प्रश्न आंघोळीचा: टबमध्ये पाय उचलून जावं लागतं की सपाट शॉवर आहे? गुडघ्यांना उंच टबाइतका धोका क्वचितच कशाचा असेल. संडासात पाण्याची सोय नसते हे तुम्हाला माहीत आहेच, तेव्हा एक मग बॅगेत टाका. बाहेरच्या स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी आईच्याच पर्समध्ये ठेवा, म्हणजे तिला प्रत्येक वेळी मागावं लागणार नाही. या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण याच संकोचापायी आपल्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी आजारी पडतात.

खाण्याचं फार अवघड नाही. सकाळी घरी पोहे, रात्री खिचडी किंवा पिठलं-भात, दुपारी बाहेर. चीज घातलेले श्पेत्सले (कणकेचे छोटे उकडलेले तुकडे), पालकाचे क्नोडेल (उकडलेले गोळे), सफरचंदाचा श्ट्रुडेल (सारण भरलेली गोड गुंडाळी) मिळतो. आई अंडं खात नसेल तर विचारून घ्या, कारण श्पेत्सले आणि क्नोडेल या दोन्हींत अंडं असतं, पॅनकेक आणि केकमध्येही. आणखी एक, तिथली बटाट्याची कोशिंबीर आणि पातळ सूप हे बरेचदा मांसाच्या रश्श्यात केलेलं असतं. दिसायला शाकाहारी, पण विचारल्याशिवाय घेऊ नका.

पुण्याहून येणाऱ्यांना आत्ताच सांगून ठेवा: मे महिना म्हणून कोणीही हापूसची पेटी आणू नका. युरोपीय संघात बाहेरून ताजी फळं आणायला रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. सवलत फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना. दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी आहे, म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे, खवा, तूप, पनीर सगळं बाद. भाजणी, मेतकूट, चिवडा, लसणाची चटणी, तेलातले लाडू आणा. ओटीचा नारळ चालतो.

औक्षणाचं तुमच्या पत्रात नाही, पण वहिनींच्या मनात नक्की असेल. सत्तर दिवे लावून ओवाळायचं असेल तर ते भाड्याच्या खोलीत करू नका. धुराचा अलार्म वाजला तर अग्निशमन दलाचा खर्चही तुमच्या माथी येऊ शकतो. ते म्युनिकला तुमच्या बाल्कनीत करा, सहलीच्या आधी किंवा नंतर. सत्तरीची भीमरथी शांत करायची असेल तर ती कराडला, गुरुजींना विचारून, आपल्या नातेवाइकांत होऊ द्या. इतक्या लांब तिची नक्कल करायला जाऊ नका. एक गंमत सांगते: जर्मन बोलणारी माणसं वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात. तुमच्या शेजाऱ्यांनी आईला आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्या नाहीत, तर तिला वाईट वाटू देऊ नका.

"एकमेव संधी" हा तुमच्या पत्रातला शब्द मला टोचत राहिला. बाबा अचानक गेले, तेव्हा त्यांच्यासाठी करायचं राहिलेलं सगळं आता आईसाठी चार दिवसांत करायला तुम्ही निघाला आहात का? तसं असेल तर कुठलंच शहर पुरं पडणार नाही. तुम्ही पंधरा ठिकाणं घालाल, ती "छान आहे, छान आहे" म्हणत तुमच्यासाठी चालत राहील. आणि एखाद्या सुंदर जागी तिचे डोळे भरून आले, तर आपली निवड चुकली असं समजू नका. त्यांच्याशिवाय ती पहिल्यांदाच इतक्या लांब येते आहे. बाबांचा विषय टाळू नका. "बाबांना यातलं काय आवडलं असतं?" असं मुलांसमोर मोकळेपणाने विचारा. सत्तरीची, बीपीची एक गोळी घेणारी बाई पुन्हा येऊ शकते. विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवलं तर व्हीलचेअरची मदत फुकट मिळते. "मी काय अपंग आहे का" असं ती म्हणाली, तर मुंबई विमानतळावर किती चालावं लागतं ते सांगा आणि गुडघे फिरण्यासाठी राखून ठेव म्हणा.

पैशांचं शहर ठरायच्या आधी बोला. तुम्ही युरोत कमावता, भाऊ चार तिकिटं काढून येतोय. निम्मे-निम्मे हा हिशोब वरवर बरोबर दिसतो, पण त्याच्यासाठी तो जड असू शकतो. राहण्याचा खर्च तुमचा, जेवणाचा त्याचा, अशी वाटणी ठरवून टाका. आईने स्वतःच्या पेन्शनमधून काही द्यायचं म्हटलं, तर नाही म्हणू नका. एका संध्याकाळचं जेवण तिच्याकडून घ्या.

आता तारखा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी व्हिसा केंद्रांत वेळ मिळणं मुश्किल होतं, तेव्हा आईचा अर्ज डिसेंबर-जानेवारीतच भरा. मुक्काम मुख्यतः तुमच्याकडे, म्हणून अर्ज जर्मनीचा. त्याच व्हिसावर व्हिएन्ना होतं. आईचा खर्च तुम्ही उचलणार असाल, तर परदेशी नागरिकांच्या कचेरीतून त्याची हमी देणारं पत्र तुम्हाला काढावं लागेल, तिथली वेळ आजच घ्या. प्रौढांची व्हिसा फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. विम्यात बीपी लपवू नका. लपवलेल्या आजारावरून दावा नाकारला जाऊ शकतो. बहुतेक कंपन्यांचे दर वयाच्या टप्प्यांवर वाढतात, तेव्हा सत्तरी गाठायच्या आधी पॉलिसी घेतली तर फरक पडतो का, हे एजंटला विचारा. गोळ्या मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमेवर पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायची पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे उतरल्यावर रांग लांबली तर तिने घाबरू नये, एवढं आधी सांगून ठेवा. मे महिन्यात तिकडे जोडून सुट्ट्या येतात आणि खोल्यांचे भाव चढतात, म्हणून कॅलेंडर बघून शक्यतो मधल्या वारी निघा. सोमवारी काही संग्रहालयं बंद असतात, गोलांच्या संग्रहालयाची वेळही एकदा बघून घ्या.

आणि ॲटलासच्या पानावर आईने व्हिएन्ना सोडून भलतंच नाव काढलं, बर्गेन किंवा अथेन्स किंवा मी कधी ऐकलेलंही नाही असं एखादं बंदर, तर माझी निवड बाजूला ठेवा आणि तिचं नाव धरा. मग मला पुन्हा लिहा. तिथे लिफ्ट कुठे आहे आणि बसायला बाक कुठे, हे आपण मिळून शोधू.